लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील निम्मी माणसे रस्त्यावर दिसतात. कोणी माहेरी निघालेली असते, कोणी नोकरीच्या गावाहून घरी परतत असते. कडेवर मूल, हातात फराळाचा डबा, आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली जुनी कला! अशा गच्च भरलेल्या एसटीने एखादा खड्डा गाठला की सारेजण एकदम उसळतात, ड्रायव्हरच्या नावाने दोन शब्द बोलतात आणि पुन्हा गप्पांना लागतात. त्या दणक्यातला आपल्यापर्यंत पोहोचला तो फार थोडा. उरलेला मध्येच कोणीतरी सोसला, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. ज्याने तो सोसला, त्याची हकिकत आज सांगायची आहे.

त्याचे नाव बुश. मिस्त्री मंडळींच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. बुश म्हणजे एक आखूड नळी. दोन लोखंडी अवयव जेथे एकमेकांशी जोडले जातात आणि जोडलेले असूनही हलत राहतात, तेथे त्या दोघांच्या मध्ये ती बसवलेली असते. कधी ती पितळेच्या जातीच्या धातूची असते, कधी पोलादाची, कधी रबराची. तिचे काम एवढेच की लोखंडाला लोखंड लागू द्यायचे नाही. आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चा असते. ती झिजली म्हणजे जिना चढताना काय होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मोटारीच्या पुढच्या चाकांपाशी बुशाचे काम अगदी तेच.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. यंत्रविद्येची परीक्षा मी दिलेली नाही. या विषयाकडे मला ओढले ते माझ्या वर्गातल्या एका मुलाने. मलिक-ए-मैदान या प्रचंड तोफेची गोष्ट मी सांगत होतो. ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर असली तरी तिचा जन्म आमच्या नगरचा. निजामशाहीत १५४९ साली रूमी खान नावाच्या कारागिराने ती येथे ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तेथून १६३२ साली विजापुरास. वजन सुमारे ५५ टन! मी निजामशाही, आदिलशाही, मोगल असे सगळे रंगवून सांगितले आणि शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण ती नेली कशी?"

प्रश्न साधा होता, आणि इतिहासाच्या पुस्तकांची नेमकी उणीव दाखवणारा होता. तोफ कोणी ओतली, कोणी जिंकली, कोणी मिरवली हे आपण पाठ करतो. ती ज्या चाकांवरून गेली, त्या चाकांच्या पोटात काय होते, त्यांना वंगण कोणी घातले, आख मोडला तेव्हा कोणाची झोप मोडली, हे आपण विचारीत नाही. खरे तर राज्ये रस्त्यावरून चालतात, आणि रस्त्यावरचे सारे ओझे शेवटी चाक जेथे आखावर फिरते त्या वीतभर जागेवर येऊन टेकते.

ती जागा आपल्या बैलगाडीत पाहू. चाकाच्या मध्यभागी लाकडाचा तुंबा असतो. तुंब्यातून आरे निघतात, आऱ्यांभोवती लाकडी घेर असतो आणि घेरावर लोखंडाची धाव. ही धाव चढवण्याचा सोहळा ज्याने पाहिला असेल त्याला तो विसरता यायचा नाही. गोवऱ्यांच्या आरात धाव लालबुंद तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची आणि लागलीच पाणी ओतायचे. धाव आकसते आणि चाकाला अशी मिठी मारते की खिळ्याची गरज उरू नये. तुंब्याच्या पोटात एक लोखंडी नळी ठोकलेली असते आणि आखावर जी फिरते ती ही नळी. झिजायचे ते तिने झिजावे, तुंबा शाबूत राहावा, अशी ही योजना आहे. आपल्या गावगाड्यातला हाच बुश. त्याला एरंडेल आणि चिंध्या यांचे वंगण. आणि त्याची मजुरी रोख नव्हे, तर खळ्यावर धान्याच्या रूपाने. सुतार आणि लोहार हे बलुतेदार होते. कुणब्याची गाडी वर्षभर चालती ठेवायची आणि सुगीला आपले बलुते घ्यायचे, असा तो करार होता.

नगरच्या इतिहासात या करारावर केवढे ओझे पडले असेल! १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, हे आपण सनावळीत वाचतो. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याने नेपोलियनला हरवले. त्याच्या फौजेच्या तोफा आणि धान्य बैलांच्या बळावर चालत असे, आणि बैल नीट राहिले तर फौज नीट राहते हे तो पक्के जाणून होता. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. त्या दिवसांत आमची काळी जमीन चाकाला सोडत नाही. लढाईचे श्रेय सेनापतीला मिळावे यात वावगे काही नाही. परंतु चिखलात रुतलेल्या चाकाशी त्या वेळी कोण वाकले होते, त्याचेही स्मरण असावे.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. रस्त्याचा हिसका थेट साटीला आणि साटीवरून माणसाच्या मणक्याला. इंग्लंडात १८०४ साली ओबाडाया इलियट याने वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांवर घोडागाडी टांगण्याचे पेटंट घेतले. आमच्या टांग्यांत आणि पुढे मोटारींत आले ते हेच कमानपाटे. कमानीने हिसका गिळला खरा, पण एक नवे दुखणे जन्माला घातले. गाडी दबली की कमान सरळ होते, म्हणजे लांब होते. उचलली की पुन्हा आखूड होते. तेव्हा तिचे टोक गाडीला घट्ट ठोकून चालत नाही; ते झुलते ठेवावे लागते. त्यासाठी पाट्याच्या टोकाला वळवून डोळा करतात, डोळ्यात बुश, बुशात पिन, आणि पिनेला धरणारी झुलती कडी म्हणजे शॅकल. गाडी जितकी आरामशीर, तितके तिचे सांधे अधिक. आणि सांधे जितके अधिक, तितके बुश अधिक. सुखाची ही किंमत मोटारीच्या जन्मापासून कोणाला चुकलेली नाही.

आपल्याकडे मोटारी आल्या त्या विलायती किंवा अमेरिकन. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लायमाउथ, डीसोटो या अमेरिकन घराण्यातल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या काळच्या अमेरिकन मोटारींच्या पुढच्या सांध्यांत आटे पाडलेले पोलादी बुश असत, आणि त्यांना वेळेवर ग्रीस पाजावे लागे. श्रीमंताची गाडी असो की भाड्याची, ग्रीसगन घेऊन तिच्या पोटाखाली सरपटणारा माणूस हवाच होता.

आता आमच्या जिल्ह्याच्या मोठ्या दिवसाकडे येतो. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. लाकडी बांध्याची, काथ्या भरलेल्या आसनांची बेडफर्ड गाडी. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावे आज जाणकारांना पाठ आहेत, आणि ती पाठ असावीत हे योग्यच आहे. परंतु माझ्या मते त्या आरंभकाळातली सर्वांत बोलकी गोष्ट दुसरीच आहे. सुरुवातीच्या त्या वर्षांत एसटीच्या ताफ्यात दहा निरनिराळ्या घराण्यांच्या गाड्या होत्या: शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फिआट. वाचणाऱ्याला ही नावांची मौज वाटेल; पण डेपोतल्या फिटरच्या जागी उभे राहून ही यादी वाचा. दहा घराणी म्हणजे पिनेची दहा मापे, दहा तऱ्हेचे डोळे, दहा तऱ्हेचे बुश! एकाचा दुसऱ्याला चालेल अशी खात्री नाही. सुटा भाग बोटीने यायचा. प्रवासी मात्र सकाळी थांब्यावर हजर.

माझे मामा एसटीत फिटर होते. ते चिकटले १९६० नंतर, तोवर ही दहा तोंडे बरीच कमी झाली होती. परंतु ज्यांच्या हाताखाली ते शिकले ती माणसे त्या आरंभकाळातली. त्यांच्याकडून मामांना एक परंपराच मिळाली. जुना बुश फेकायचा नाही, मापासाठी जपायचा. गनमेटलचा तुकडा लेथवर धरून नवा बुश कातायचा, बाहेरून किंचित मोठा ठेवायचा आणि दाबून डोळ्यात बसवायचा. किंचित मोठा का, तर जागेवर तो असा आवळला जावा की फिरता कामा नये. धावेने चाकाला मारलेली मिठी, तीच येथे उलट बाजूने. दाबल्यावर त्याचे पोट थोडे आकसते. मग आतून रीमर फिरवून ते पिनेच्या मापाला आणायचे. माप आले की नाही हे कसे कळायचे? मामा म्हणत, "पिनीला तेल लावायचं आन् अंगठ्यानं दाबायचं. ठोकावी लागली तर तंग, आपोआप पडली तर ढिली. अंगठ्याला गेली म्हंजी बरूबर." इंचाचा हजारावा भाग मोजणारी यंत्रे कारखान्यात असतात, पण ही अंगठ्याची परीक्षा त्याच कुळातली आहे.

हे सारे कशासाठी, असे एखादा विचारील. बुश झिजला तर गाडी थोडी खडखडेल, एवढेच ना? एवढेच नव्हे. पुढचे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळते, तिला किंगपिन म्हणतात. तिचे बुश सैल झाले की ठराविक वेगाला चाक थरथरू लागते आणि स्टेअरिंग हाताला झटके देते. शॅकलचे बुश गेले की आख सरळ राहत नाही. ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. सपाट रस्त्यावर हे चालक सांभाळून नेईल. पण पाथर्डीकडे जाताना करंजी घाट आहे, संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाट आहे, औरंगाबादच्या वाटेवर इमामपूरचा घाट आहे. घाटातल्या वळणावर आणि पन्नास माणसे पाठीशी असताना एका अंगाला ओढणारी गाडी म्हणजे काय, ते चालकालाच विचारावे. म्हणून रात्री गाड्या परतल्या की मामा पुढचे चाक जॅकवर उचलायचे, वर एक आणि खाली एक हात धरून ते डुलवून पाहायचे, आणि पाट्याच्या डोळ्याखाली पहार लावून उचकायचे. हाताला जरा 'टक्' लागले की गाडी दुसऱ्या दिवशी फेरीला जायची नाही. त्या एका 'टक्'वर किती घरांची दिवाळी सुखाची झाली असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

धातूच्या बुशाची एक खोड आहे. त्याला सतत ग्रीस लागते, आणि ग्रीसला धूळ चिकटते. आमच्या अवर्षणी मुलखात धुळीला तोटा नाही. धूळ आणि ग्रीस यांचा मलम म्हणजे लोखंडाला कानसच. ही खोड मोडली रबराने. चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली अमेरिकेत रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती साधली, आणि उन्हाळ्यात वितळणारे व थंडीत तडकणारे रबर भरवशाचे झाले. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराचे सुमारे ७०,००० बी लंडनला नेले. त्याची रोपे लंकेत व मलायात गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या केरळातही रबराचे मळे उभे राहिले. १९४२ साली जपानने मलाया घेतला तेव्हा रबरावाचून अमेरिकेची अशी कोंडी झाली की कृत्रिम रबराचे कारखाने घाईघाईने उभारावे लागले. इतके महत्त्व या चिकाला आले होते.

१९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये एक नामी तोड निघाली. दोन पोलादी नळ्या, एकीत एक. आणि दोहोंच्या मध्ये दाबून भरलेले रबर. बाहेरची नळी एका अवयवाला घट्ट, आतली दुसऱ्याला घट्ट. दोघांतले काहीच कशावर घासत नाही. हालचाल होते ती रबर पिळवटून, आणि जोर गेला की रबर पुन्हा जागेवर येते. ग्रीस नको आणि आवाजही नाही. म्हणूनच तिला 'सायलेंट ब्लॉक' नाव पडले, आणि आमच्या गॅरेजांतून ते आजही चालते. पुढे १९३४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने पुढची दोन चाके एकमेकांपासून सुटी केली. सलग आखाऐवजी प्रत्येक चाकाला स्वतःचे हात दिले, म्हणजे डावे चाक खड्ड्यात गेले तरी उजव्याला त्याचा पत्ता नाही. त्या बांधणीला त्यांनी नाव दिले ते 'गुडघ्याची चाल' अशा अर्थाचे. मघाची कूर्चेची उपमा माझ्याच डोक्यातली आहे असे मला वाटत होते. अमेरिकन इंजिनिअरांना गुडघा आधीच आठवला होता!

कुर्ल्याच्याच कारखान्यातली पुढची फिआट, जी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली, तिची पुढची चाकेही अशाच दोन-दोन हातांवर टांगलेली. ती गाडी निघणे थांबून आता दोन तपे उलटली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आमच्या नगरात एका स्नेह्याने वडिलांची पद्मिनी जपून ठेवली आहे. मध्यंतरी तिचे पुढचे बुश बदलायचे ठरले. काम एका तरुण मिस्त्रीचे, देखरेख माझ्या ऐंशी ओलांडलेल्या मामांची, आणि मी आपला बघ्या.

काम दिसते सोपे, आहे जोखमीचे. आधी गाडी उचलून नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली घोडे लावले. मग स्प्रिंग आवळून धरली. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये केवढी ताकद कोंडलेली असते याची कल्पना नसलेला माणूस तेथे हात घालतो आणि जन्माची अद्दल घेतो. मामांनी मला चार हात लांब उभे केले ते त्यासाठीच. हात सोडवून बाहेर काढले, तेव्हा जुन्या बुशांचे रबर कोळशासारखे कडक होऊन तडकलेले दिसले. ते हातोड्याने ठोकून काढायचे नाहीत, नाहीतर डोळा वाकडा होतो. दाबयंत्राखाली धरून सावकाश ढकलायचे. डोळा स्वच्छ पुसायचा, आणि नवा बुश सरळ धरून तसाच सावकाश बसवायचा. ग्रीस नाही, तेल नाही. तेल रबराचा वैरी.

हात पुन्हा जागेवर आले. गाडी अजून वरच होती, चाके लोंबत होती. तरुण मिस्त्रीने पाना घेतला आणि नट आवळायला सुरुवात करणार, इतक्यात मामांनी त्याचा हात धरला. "आता आवळू नगंस. नुसता हातानं लाव. गाडी खाली येऊ दे, तिचं वजन तिच्या पायावं पडू दे, दोन डाव हालीव, आन् मंग आवळ."

मी कारण विचारले. मामा म्हणाले, "आरं, रबर फिरत नाही, पिळतं. वर टांगल्याली असताना आवळलं, तर टांगल्याली हीच त्याची बसायची जागा ठरती. मंग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळल्यालं. उभ्या गाडीतबी त्याला इसावा न्हाई. सहा म्हयन्यांत फाटतंय."

गाडी खाली उतरली, मिस्त्रीने बॉनेटवर दोनदा वजन टाकून ती हलवली, आणि मग नट आवळले. त्यानंतर चाकांचा कोन तपासून घेतला. कारण नव्या बुशाने चाके केसभर सरकतात, आणि तेवढ्यानेही टायर एका कडेने खाऊन जातो. पद्मिनी रस्त्यावर निघाली तेव्हा स्नेह्याचे डोळे भरून आले होते. वडील गाडी चालवत असताना ती जशी शांत चालायची, तशी ती त्या दिवशी चालली.

हा नियम काही नगरच्या गॅरेजपुरता नाही. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक जीटीओ नावाची गाडी निघाली. मध्यम आकाराच्या घरगुती मोटारीत त्यांनी ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले. दणकट बाहूंच्या अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, म्हणू लागले. आज साठ वर्षांनंतर तिकडचे हौशी लोक त्या जपतात, आणि त्यांच्या पुढच्या हातांतले रबराचे बुश बदलताना मामांचाच नियम पाळतात: गाडी आपल्या वजनावर उभी राहिल्याखेरीज शेवटचा पीळ द्यायचा नाही. काही जण रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश घालतात. त्याने वळणावर गाडी हुकमी वळते, पण रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो आणि वंगण कमी पडले की सांधा कुरकुरतो. सोसण्यात मऊपणा किती ठेवावा आणि ताठपणा किती, हा हिशेब तिकडेही सुटलेला नाही. इंजिनाच्या अश्वशक्तीची जाहिरात होते. बुशाची होत नाही. परंतु ३२५ घोडे जुंपले तरी ते जमिनीला धरून ठेवणार, ती मुठीएवढी रबरी नळीच.

हाच हिशेब पोलादाच्या डोंगरांनाही चुकलेला नाही, आणि त्याचा पुरावा आमच्या नगरातच आहे. ज्या १९४८ साली पहिली एसटी नगरच्या रस्त्यावर धावली, त्याच वर्षी नगरच्या लष्करी छावणीत चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा एकत्र आकाराला आली. १९९४ च्या फेब्रुवारीत तेथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जावे असे ते ठिकाण आहे. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट बांधणीवरची चिलखती मोटार तेथे आहे. राजेरजवाड्यांसाठी केलेल्या कमानपाट्यांवर युद्धाने चिलखत लादले, ते तिने मुकाट्याने वाहिले. आपला सेंच्युरियन तेथे आहे, आणि १९६५ च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटनही.

मुले तोफांच्या नळ्या पाहतात. मी त्यांना पट्ट्यांपाशी वाकायला सांगतो. पॅटनच्या पट्ट्याची कडी पिनेवर बसते ती मध्ये रबराचा बुश घालून. म्हणून तो पट्टा तुलनेने शांत आणि टिकाऊ. सेंच्युरियनच्या पट्ट्यात मात्र पोलादी पिन थेट पोलादी कडीत, कोरडीच. ती झिजते, पट्टा सैल होतो, तो पुन्हा पुन्हा आवळावा लागतो. पण पिन ठोकून कडी बदलणे सोपे. दोन देशांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात असल उत्तरच्या ओल्या उसात पॅटन अडकले आणि सेंच्युरियनांनी त्यांचा समाचार घेतला. ते यश जवानांच्या धैर्याचे आणि नेमबाजीचे होते, बुशाचे नव्हे. परंतु सेंच्युरियन तेथवर पोहोचला, तो रात्री पट्ट्याच्या पिना ठोकत बसणाऱ्या मंडळींमुळे. सेंच्युरियनचे वजन सुमारे ५० टन. नगरच्याच भूमीत ओतलेल्या त्या मलिक-ए-मैदानच्या जवळपास! शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सर, ओझं तेवढंच राहिलं, मधलं बदललं."

याहून चांगला सारांश मला सुचला नसता. ओझी युगानुयुगे तीच आहेत. बदलत गेले ते मधले: एरंडेलाच्या चिंध्या, लोखंडी नळी, गनमेटल, आट्यांचे पोलाद, रबर. आणि दर वेळी हे मधले बसवणारा हातही बदलत गेला. त्या हाताचे कसब मात्र कागदावर फारसे उतरले नाही. नव्या गाडीचा सांधा बिघडला की बुशासकट अख्खा हातच बदलतात. त्यात चूक काही नाही, वेळ वाचतो. पण अंगठ्याने पिन पारखणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. संग्रहालयात गाड्या जपता येतात, अंगठा जपता येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे शब्द जातात. धाव म्हणजे काय, असे मी नववीच्या वर्गात विचारले, तेव्हा क्रिकेटची धाव सर्वांना ठाऊक होती, चाकाची तिघांना. तुंबा कोणालाच नव्हता. हा आपला जिल्हा उसाच्या गाड्यांचा, एसटीचा आणि रणगाड्यांचा, आणि त्यातल्या मुलांच्या तोंडून चाकाचे शब्द नाहीसे व्हावेत, ही गोष्ट मला लेखक म्हणून जास्त लागली.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत मी मुलांना निबंधाऐवजी एक वही दिली. गावातला सुतार, लोहार, जुना गाडीवान, गॅरेजचा मिस्त्री, एसटीतून निवृत्त झालेला फिटर, यांच्याकडे जायचे आणि त्यांचे शब्द लिहून आणायचे. वहीत तीन रकाने आखले: शब्द, त्याचा अर्थ, आणि तिसऱ्यात तो शब्द सांगणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव. शाळा उघडली तेव्हा वह्या भरून आल्या होत्या. पहिल्या दोन रकान्यांतल्या चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. तिसरा रकाना मात्र मुलांकडून सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहवून घेतला आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवला. यंदाच्या सुटीतही त्या वह्या मुलांबरोबर गावोगाव जाणार आहेत.